'डॉक्टर म्हणा' हा आग्रह: कुठे धरायचा, कुठे सोडायचा

महिला रेसिडेंट (वॉर्डात काम करत पुढचं शिक्षण घेणारी डॉक्टर) सकाळपासून तीनदा पेशंटला तपासून गेलेली असते आणि दुपारी नातेवाईक तक्रार करतात, "सकाळपासून एकही डॉक्टर फिरकला नाही." येऊन गेल्या त्या सिस्टर, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. मग औषध कोणी बदललं, रिपोर्ट कोणी पाहिला, शंका कोणाला विचारायची, सगळ्याचाच घोळ होतो. हा घोळ टाळण्यासाठी आग्रह जरूर धरावा, आणि ठामपणे धरावा. मानासाठी धरलेला आग्रह मात्र वॉर्डात टिकत नाही, आणि टिकूही नये.

पहिलं वाक्य

निम्मं काम ओळख करून देतानाच होतं. आधी 'डॉक्टर', मग आडनाव, मग आपलं काम, या क्रमाने बोला: "नमस्कार आजी, मी डॉक्टर कुलकर्णी. तुमचं पोटाचं ऑपरेशन ज्या टीमनं केलं, त्यातली. रोज संध्याकाळी तपासायला मीच येणार." नुसतं "मी नेहा, सर्जरीतून आलेय" म्हटलं की ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. खाटेजवळचं माणूस पाळीनुसार बदलतं. दिवसा सून, रात्री मुलगा. नवा चेहरा दिसला की ओळख पुन्हा करून द्या. निघताना एक वाक्य आणखी: "आता डॉक्टरांनी तपासलंय आणि तापाचं औषध बदललंय, घरून फोन आला तर तसं सांगा." घरच्यांपर्यंत पोचतं ते हे शेवटचं वाक्य.

ओळखपत्राचाही उपयोग होतो, पण ते वाचता आलं तर. नेहमीच्या कार्डावर हॉस्पिटलचा लोगो मोठा आणि हुद्दा मुंगीएवढा असतो. साधारण ८५ बाय ५४ मिलिमीटरचं आडवं कार्ड घ्या, त्यावर 'डॉक्टर' हा शब्द मराठीत सुमारे १२ मिलिमीटर उंचीचा छापा. पाच फुटांवरून तो वाचता यायला हवा. खाली नाव आणि विभाग. दोरीतलं कार्ड हमखास उलटं फिरतं, म्हणून दोन्ही बाजू सारख्याच छापून घ्या. अॅप्रनवर भिस्त ठेवू नका. तो विद्यार्थी घालतात, तंत्रज्ञही घालतात.

चूक दुरुस्त करताना

"सिस्टर, सलाईन संपलंय" अशी हाक आली तर आधी सलाईनकडे बघा. ते थांबवा किंवा कोणाला तरी सांगा, आणि मग शांतपणे म्हणा, "आजी, मी डॉक्टर आहे. बाटली बदलायला सिस्टरना सांगितलंय." "मी सिस्टर नाहीये!" असं फटकन कधीच बोलू नये. शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरचा त्यात अपमान होतो, आणि पेशंट पुढच्या वेळी हाक मारायलाच कचरतो. त्याच दिवशी पुन्हा तसंच झालं तर इन-चार्ज सिस्टरनी "त्या डॉक्टर मॅडम आहेत" असं सहज म्हणून टाकणं सर्वांत परिणामकारक. मावशी, मामा, रिसेप्शन, सगळ्यांशी हे आधीच ठरवून ठेवा.

'ताई', 'बाळा', 'पोरी', 'डॉक्टरीणबाई' याकडे दुर्लक्ष करा. सत्तरीच्या आजोबांनी 'बाळा' म्हटलं आणि आपण डॉक्टर आहोत हे त्यांना ठाऊक असेल, तर दुरुस्त करण्यासारखं काही उरत नाही. हाक सलगीची असली तरी सल्ला ऐकला जातोय ना, एवढं बघावं. "मोठ्या डॉक्टरांना बोलवा, मग गोळी घेईन" असं सुरू झालं, तर ती वेळ भूमिका स्पष्ट करण्याची.

खरा आग्रह सहकाऱ्यांकडे धरायचा. एकाच राउंडला "हे देशमुख सर, आणि ही आपली नेहा" अशी ओळख करून दिली, तर निर्णय कोणाचा मानायचा हे पेशंटने तिथेच ठरवून टाकलेलं असतं. हा नुसता संशय नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या व्याख्यानांमधल्या परिचयांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. पुरुष निवेदकांनी पुरुष वक्त्यांना सुमारे ७२ टक्के वेळा पदवीसह संबोधलं. स्त्री वक्त्यांना सुमारे ४९ टक्के वेळाच. वरिष्ठांशी याबद्दल बोलायचं ते राउंड संपल्यावर, एकट्यात, शक्यतो त्याच दिवशी: "सर, पेशंटसमोर मला डॉक्टर कुलकर्णी म्हणाल का? मी सांगितलेला औषधातला बदल नातेवाईक मानत नाहीत, आधी तुम्हाला विचारतात." कारण पेशंटशी जोडलेलं असलं की सहसा कोणी वाकडं घेत नाही. विभागप्रमुखांनी तर नियमच करावा: पेशंटसमोर सगळ्यांना 'डॉक्टर' आणि आडनाव, नाहीतर कोणालाच नाही.

ऑपरेशन थिएटरमध्ये

इथे हिशेब उलटा: हुद्द्यापेक्षा नाव महत्त्वाचं. टेबलाभोवती तीन 'सर' उभे असताना "सर, बीपी पडतंय" म्हटलं तर ते नेमकं कोणाला? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया सुरक्षा चेकलिस्टमध्ये चीर देण्याआधी सर्वांनी आपलं नाव आणि भूमिका सांगायची असते. बऱ्याच ठिकाणी ती नुसती टिकमार्क करून उरकली जाते. ती मोठ्याने म्हणा. टोपीच्या पुढच्या भागावर मार्करने नाव आणि 'भूल', 'सर्जन', 'स्क्रब' (अवजारं हातात देणारी सिस्टर) असं लिहिलं की नव्या माणसालाही अडत नाही. कनिष्ठाने घाईत नुसत्या नावाने हाक मारली तर त्याला नंतरही रागावू नका. तो एकदा गप्प बसला तर पुढच्या वेळी पोटात राहून गेलेला स्वॅबही (रक्त टिपायचा बोळा) सांगणार नाही.

आपल्याकडून

स्वतःला 'डॉक्टर' म्हणवून घ्यायचं असेल तर पेशंटला 'अहो' हवं. कपडे मळके असले म्हणून 'अरे-तुरे' नको, आणि "सात नंबरचं हर्निया" तर नकोच. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला पेशंट 'डॉक्टर' म्हणाला तर त्याने लगेच सांगावं, "मी अजून शिकतोय." इंटर्ननेही 'इंटर्न डॉक्टर' अशीच ओळख द्यावी.

पाटी आणि प्रिस्क्रिप्शनसाठी भारतीय वैद्यक परिषदेची डॉक्टरांसाठीची २००२ ची आचारसंहिता लागू आहे. २०२३ मधली नवी नियमावली काढल्यावर काही आठवड्यांतच स्थगित झाली. नावापुढे मान्यताप्राप्त पदव्याच लिहायच्या. दवाखान्यात, प्रिस्क्रिप्शन, सर्टिफिकेट आणि पावतीवर नोंदणी क्रमांक हवा. अवाजवी मोठी पाटी नियमाबाहेर, आणि औषधाच्या दुकानावर डॉक्टरची पाटी लावणंही. नुसतं 'डॉ.' वाचून समोरची व्यक्ती एमबीबीएस आहे, बीएएमएस, बीएचएमएस की बीडीएस, हे पेशंटला कळत नाही, म्हणून पदवी मराठीतही लिहावी.

लग्नपत्रिका, सोसायटीची सभा, बँकेची रांग, इथे कोणी 'डॉ.' लावलं नाही तर सोडून द्या. फोनवर सल्ला देताना मात्र सोडू नका: मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टरने सुरुवातीलाच नाव आणि पदवी सांगायची असते, आणि व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या प्रिस्क्रिप्शनवरही नोंदणी क्रमांक लागतो.