डिस्क गोल्फ: सरावाला उतरण्याआधीची तयारी

डिस्क गोल्फमध्ये प्लास्टिकची चकती, म्हणजे डिस्क, फेकत फेकत कमीत कमी फेकांत साखळ्या लावलेल्या लोखंडी बास्केटमध्ये टाकायची असते. सगळ्यात आधी डिस्क ठरवा. चुकीची डिस्क हातात असली की बरोबर मारलेली फेकही वाकडी जाते आणि मग माणूस नीट असलेला हात बदलत बसतो. आठवडी बाजारातली खेळण्याची फ्रिस्बी इथे उपयोगाची नाही. जरा जोर लावला की ती लटपटते. गोल्फची डिस्क साधारण 21 ते 22 सेंटिमीटर व्यासाची, घट्ट प्लास्टिकची आणि पातळ कडेची असते. लागली तर कपाळ फुटतं, म्हणून ती एकमेकांकडे फेकून झेलायची नाही, हे गावातल्या पोरांना पहिल्याच दिवशी बजावून ठेवा.

नवशिक्याला तीन पुरतात: एक पटर (जवळून टाकायला), एक मिडरेंज (मधल्या अंतराला), एक सौम्य फेअरवे ड्रायव्हर (लांब फेकायला). डिस्कचे चार आकडे असतात: स्पीड, ग्लाइड, टर्न, फेड. म्हणजे तिला लागणारा वेग, तिचं तरंगणं, वेगात असतानाचं वळण आणि वेग संपतानाचं वळण. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा ओढत, मारली की वेगात असताना डिस्क उजवीकडे कलते आणि शेवटी डावीकडे उतरते. डावऱ्याचं सगळं उलट. इनोव्हा कंपनीची एव्हिअर (पटर; 2, 3, 0, 1), डिस्क्राफ्ट कंपनीची बझ (मिडरेंज; 5, 4, -1, 1) आणि इनोव्हाची लेपर्ड (फेअरवे ड्रायव्हर; 6, 5, -2, 1) या तिघींवर पहिलं वर्ष आरामात निघतं. 12-13 स्पीडचा ड्रायव्हर सध्या घेऊच नका. तेवढा वेग हातात नसतो, म्हणून ती डिस्क लवकरच डावीकडे आपटते आणि तिला सरळ करायच्या नादात खांदा दुखावतो. ड्रायव्हर 160 ते 168 ग्रॅमचा घ्या, पटर 170 ते 175 चा. रंग गुलाबी किंवा निळा. पिवळी डिस्क सोयाबीनच्या कुटारात दिसत नाही, पांढरी फुटलेल्या कपाशीत दिसत नाही. खालच्या बाजूला पक्क्या मार्करने नाव आणि मोबाइल नंबर लिहा.

जागा म्हणजे शाळेचं मैदान, गावची ई-क्लास (सरकारी मोकळी जमीन), नाहीतर पीक निघाल्यावर मोकळं पडलेलं वावर, तेही मालकाला विचारून. उभ्या तुरीच्या बाजूला तोंड करून फेकू नका. डिस्क सापडत नाही आणि शोधताना शेंगा झडतात. धुऱ्यावरच्या गवतात हात घालण्याआधी काठी आपटा. बूट जाड तळव्याचे हवेत, बाभळीचा काटा पातळ तळव्यातून सरळ आत येतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. काळ्या मातीवर पाय रोवायची जागा तयार केल्याशिवाय पावलं टाकत फेक मारू नका. फेकताना पुढचा पाय टाचेवर फिरावा लागतो. ओल्या काळ्या मातीत बूट चिकटतो, अंग फिरतं, पाय तिथेच राहतो आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि घोटा मुरगळतो. म्हणून पाच फूट रुंद, दहा फूट लांब पट्टा आखा, चार इंच मुरूम पसरा, पाणी मारून धुम्मसने ठोका. वरची सुटी खडी झाडून टाका, नाहीतर पाय घसरतो. एक दिवसाचं काम आहे, पण हे टाळू नका.

लक्ष्यासाठी वरून उघडा 200 लिटरचा रिकामा लोखंडी ड्रम चालतो. त्याची कड साधारण 88 सेंटिमीटरवर येते आणि खऱ्या बास्केटची कडही जवळपास तेवढीच उंच असते. तळाला गोणपाट टाका, म्हणजे डिस्कच्या कडा झिजणार नाहीत.

पकड अशी: अंगठा वर, कडेपासून इंचभर आत, चारही बोटं खालून कडेच्या आत वळवलेली. बोटं सुरुवातीला सैल, सुटताना घट्ट. तांब्यातून पाणी ओतताना मनगट जसं खाली झुकतं, तसंच झुकलेलं ठेवा, म्हणजे डिस्कची पुढची कड वर उठत नाही. ती उठली की डिस्क आभाळात चढते, थांबते आणि डावीकडे गळते. नवशिक्याची निम्मी लांबी इथेच जाते, हाताच्या ताकदीत नाही.

आधी पाय न हलवता, पटर घेऊन, निम्म्या जोराने वीस फेका. मग एका पावलाने. तीन पावलांची फेक (उजवा, डावा मागून, उजवा) त्यानंतरच. दोन खुंट्यांना छातीच्या जरा खाली सुतळी बांधा आणि डिस्क तिच्या लगत सरळ ओढायचा सराव करा. सुतळी सोडून डिस्क पोटाभोवती वळसा घेत असेल तर कोपर अंगाला चिकटतंय. दंड आणि छातीतला कोन काटकोनापेक्षा कमी होऊ देऊ नका. आधी पाय रोवला जातो, मग कंबर, मग खांदा, हात सगळ्यात शेवटी.

उजव्या हाताने मारताना डिस्क दरवेळी नेमक्या रेषेच्या उजवीकडे सुटत असेल तर ती उशिरा सुटतेय, बहुधा कोपराच्या त्या वळशामुळेच. डावीकडे सुटत असेल तर ती लवकर निसटतेय. हात घामेजलाय का बघा. लटपटत असेल तर मनगट पिळलं जातंय, जोर कमी करा.

चिमूटभर कुटार हवेत सोडून वारा बघा. समोरून वारा असला की डिस्कला हवेचा वेग जास्त लागतो, ती उजवीकडे जास्त कलते. तेव्हा जड, कमी टर्नची डिस्क घ्या आणि कमी उंचीवरून जाईल अशी मारा. पाठीमागून असला की ती लवकर बसते, तेव्हा लेपर्ड जरा वर सोडा.

पटिंगला, म्हणजे जवळून लक्ष्यात टाकायच्या सरावाला, तीन, पाच आणि सात मीटरवर काठीने रेषा आखा, प्रत्येकीवरून दहा फेका. लक्ष्यापासून 10 मीटरच्या आत डिस्क सोडल्यावर तोल दाखवल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही, म्हणून सरावातही फेकून क्षणभर उभे राहा.

मार्च ते मे सकाळी सहा ते आठ एवढाच वेळ ठेवा, माणशी दोन लिटर पाणी आणि डोक्याला दुपट्टा. हात पुसायला सुती फडकं वेगळं न्या, पावसाळ्यात दोन. पूर्ण जोराच्या फेका दिवसाला चाळीसच. कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागलं तर त्या दिवशी फक्त पटिंग.

परतल्यावर डिस्क पुसा आणि सावलीत आडव्या ठेवा. टिनाच्या छपराखाली किंवा उन्हातल्या मोटारसायकलच्या डिक्कीत त्या वाकतात. वाकलीच तर गरम पाण्यात दोन मिनिटं बुडवून सपाट फरशीवर ठेवा आणि थंड होईपर्यंत वर पाटा राहू द्या.