इनफिल्ड प्रशिक्षकांनो, या चुका टाळा : बॉल हातातून सुटतो, बिघाड पायांत असतो

बेसबॉलच्या इनफिल्डला, म्हणजे बेसजवळ उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकांना, शिकवण्यासाठी उभा राहिलेला नवा प्रशिक्षक पहिल्या अर्ध्या तासात कोणते वाक्य उच्चारणार, हे मला आता पाठ झाले आहे. ते वाक्य म्हणजे "ग्लव्ह खाली ठेव." ते खोटे नाही, पण बहुतेक वेळा निरुपयोगी असते. ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारा बॉल, सुटला की पाहणाऱ्याच्या नजरेत फक्त ग्लव्ह भरतो आणि मग सगळा दोष ग्लव्हच्या आणि हातांच्या माथी मारला जातो. खरा बिघाड बॅटला बॉल लागण्यापूर्वीच झालेला असतो आणि तो पायांत असतो. त्या क्षणी प्रशिक्षकाचे तिकडे लक्षच नसते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. एका हंगामात माझ्याकडे चौदा वर्षांचा एक थर्ड बेसमन, म्हणजे तिसऱ्या बेसजवळचा क्षेत्ररक्षक, होता. त्याच्या दिशेने आलेल्या दर चार-पाच ग्राउंडरपैकी एक तरी त्याच्या ग्लव्हच्या टाचेवर आदळून उडत असे. तीन आठवडे मी त्याचे हात दुरुस्त करत राहिलो. होम प्लेटपाशी, म्हणजे फलंदाजाच्या जागी, उभे राहून मी रोज फंगो बॅटने, म्हणजे सरावात बॉल मारण्यासाठीच्या खास बॅटने, त्याला शेकडो बॉल मारले आणि प्रत्येक चुकीनंतर ओरडून सूचना दिल्या. मुलगा सुधारला तर नाहीच, उलट बॉलवर झडप घालू लागला. मग माझा खांदा दुखावला आणि फंगो बॅट सहायकाच्या हाती देऊन मला थर्ड बेसजवळच्या फाउल रेषेबाहेर नुसते उभे राहावे लागले. करण्यासारखे काहीच नसल्यामुळे मी प्रथमच बॉल सोडून खेळाडूकडे पाहिले. दहा बॉल होण्याच्या आतच सगळा उलगडा झाला. बॅटला बॉल लागत असताना त्या मुलाच्या टाचा जमिनीला टेकलेल्या असत आणि गुडघे ताठ असत. त्यामुळे त्याचे पहिले पाऊल उशिरा पडे आणि ग्राउंडर प्रत्येक वेळी त्याला नको त्या उंचीवर भेटे. उसळणारा बॉल एक तर टप्पा पडताक्षणी, म्हणजे शॉर्ट हॉपवर उचलावा, नाही तर तो पुरेसा वर जाऊन खाली येऊ लागल्यावर घ्यावा. या दोहोंच्या मधोमध जगातले उत्तम हातही फसतात, आणि या मुलाचे हात तर चांगलेच होते.

उपाय अगदी साधा होता. पिच, म्हणजे पिचरने फलंदाजाकडे फेकलेला बॉल, प्लेटकडे येत असताना दोन लहान पावले पुढे टाकायची आणि एक हलकी उडी अशी घ्यायची की, बॉल प्लेटवर पोहोचण्याच्या वेळी दोन्ही पाय चवड्यांवर जमिनीला टेकलेले असतील. पुढच्या दहा-बारा दिवसांत त्याच्या हातांबद्दल मी अवाक्षरही काढले नाही, आणि तरीही त्याचे ग्राउंडर सुटणे बरेच कमी झाले. मात्र तीन आठवडे ओरडून जी झडप घालण्याची सवय मी त्याला लावली होती, ती काही त्या हंगामात गेली नाही.

तेव्हापासून मी एक दिवसाआड फंगो बॅट दुसऱ्याकडे देतो. फंगो मारणाऱ्याला स्वतःच उडवलेल्या बॉलकडे पाहावेच लागते, त्यामुळे नेमक्या त्या क्षणी खेळाडूचे पाय कुठे आहेत हे त्याला कधीच दिसत नाही. शिवाय फंगोच्या सरावात पिच नसतो, म्हणजे पावले केव्हा टाकायची याची खूणच खेळाडूला मिळत नाही. म्हणून बॉल वर उडवण्याआधी मी मोठ्याने "पिच" असे म्हणतो. हे काही शास्त्र नव्हे, माझी सवय आहे. पण ज्यांना ती पोरकट वाटते, त्यांचे खेळाडू सामन्यात टाचांवर उभे असलेले मी पाहिले आहेत.

फंगो मारण्याची हौस हा याचाच दुसरा भाग आहे. फंगो बॅट नेहमीच्या बॅटपेक्षा बारीक व हलकी असते आणि थोड्या सरावाने तिच्यातून हवा तसा ग्राउंडर निघतो. नवा प्रशिक्षक मग शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे सेकंड व थर्ड बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाच्या, थेट अंगावर, एकाच वेगाचे, सुंदर टप्प्यांचे पन्नास ग्राउंडर मारतो. सराव देखणा दिसतो आणि सगळे खूश होतात. सामन्यात मात्र बॅटच्या टोकाला लागून गरगरत येणारा बॉल, रेंगाळत येणारा बॉल, पिचरच्या पायाला लागून दिशा बदललेला बॉल, असे सगळे येते. फर्स्ट बेस नव्वद फुटांवर असतो आणि मोठ्यांच्या खेळात फलंदाज तिथे साधारण साडेचार सेकंदांच्या आत पोहोचतो. रेंगाळणाऱ्या ग्राउंडरकडे धावून न जाता जागेवर वाट पाहणाऱ्याला तेवढा वेळ मिळत नाही. माझ्या सरावातले निम्मे फंगो कुरूप असतात आणि ते मी मुद्दामच तसे मारतो.

अलीकडे व्हिडिओ पाहून शिकवणाऱ्यांची एक जात निर्माण झाली आहे. अमेरिकेतले नावाजलेले इनफिल्ड प्रशिक्षक रॉन वॉशिंग्टन यांचे सराव अनेकांनी पाहिलेले असतात. ओकलंडच्या संघात त्यांनी अनेक वर्षे इनफिल्ड घडवले आणि थर्ड बेसमन एरिक चावेझ यांनी उत्तम क्षेत्ररक्षणासाठी मिळालेला 2004 सालचा आपला गोल्ड ग्लव्ह पुरस्कार कृतज्ञतेने त्यांना देऊन टाकला. खेळाडूला गुडघ्यांवर बसवून, अगदी जवळून शॉर्ट हॉप घ्यायला लावणे ही त्यांच्या सरावाची ओळख आहे. नक्कल करणारे तेवढेच उचलतात आणि महिनाभर मुलांना गुडघ्यांवर बसवून ठेवतात. गुडघ्यांवर बसवण्याचा हेतू पायांना काही काळ बाजूला ठेवून फक्त हातांवर काम करणे हा आहे. त्यानंतर खेळाडूला उभे करून तेच काम पायांसह करून घ्यायचे असते. हा दुसरा भाग कंटाळवाणा असल्यामुळे व्हिडिओत कुणाला आवडत नाही.

माझ्या डोक्यात जाणारी दुसरी चूक म्हणजे डबल प्लेची, म्हणजे एकाच बॉलवर दोन गडी बाद करण्याची, घाई, आणि तिचाही धडा मी किंमत मोजून घेतला आहे. मी एके काळी स्टॉपवॉच घेऊन डबल प्लेचा सराव घ्यायचो. ग्राउंडरपासून फर्स्ट बेसवरच्या झेलापर्यंत किती वेळ लागतो, हे मोठ्याने जाहीर करायचो. मुलांमध्ये चुरस लागली, वेळ खरोखर कमी झाली आणि मला स्वतःचे कौतुक वाटू लागले. त्यानंतरच्या एका सामन्यात शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो, एक गडी बाद होता आणि फर्स्ट व थर्ड बेसवर धावपटू होते. शॉर्टस्टॉपकडे हवा तसा ग्राउंडर आला आणि त्याने सेकंड बेसवर नीट थ्रो केला. आमच्या सेकंड बेसमनने मात्र बॉल ग्लव्हमध्ये येण्याआधीच फर्स्ट बेसकडे मान वळवली. बॉल ग्लव्हच्या कडेला लागून पडला, कोणीच बाद झाले नाही आणि बरोबरीची धाव झाली. त्यापुढचा फटका बाहेर गेला आणि सामनाही गेला. मुलगा रडत होता, पण दोष घड्याळाचा आणि घड्याळ हातात धरणाऱ्याचा होता.

आता माझ्याकडे डबल प्लेच्या सरावाचा पहिला आठवडा फर्स्ट बेसवर कुणालाही उभे न करता होतो. बॉल घ्या, बेसला पाय लावा, हातात बॉल घेऊन तो मला दाखवा आणि थांबा. खेळाडू कुरकुरतात, पालक त्याहून जास्त कुरकुरतात. शॉर्टस्टॉप बेसजवळ असेल, तर त्याने ग्लव्ह बाजूला करून, बॉल दिसेल असा, मनगट न झटकता खालूनच छातीच्या उंचीवर द्यावा. सरकत येणाऱ्या धावपटूची भीती हे घाईचे एक खरे कारण असते, हे मान्य. अमेरिकेच्या व्यावसायिक मेजर लीगमध्ये 2016 पासून धावपटूने बेसकडेच खरोखरीची घसरण केली पाहिजे असा नियम आहे. तरीही धोका संपलेला नाही, म्हणून थ्रो करताना रेषेतून बाहेर पडण्याची पावले मी संथ गतीने, वेगळी शिकवतो.

दोष कुणाचा, हा प्रश्न निघाला की कोणी तरी बॉस्टनचे फर्स्ट बेसमन बिल बकनर यांचे उदाहरण देतोच. 1986 च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेच्या, सहाव्या सामन्यात त्यांच्या पायांमधून गेलेला ग्राउंडर "ग्लव्ह खाली ठेवा" या प्रवचनासाठी आजही वापरला जातो. तो बॉल येण्यापूर्वी बॉस्टनची आघाडी संपलेली होती आणि बरोबरीची धाव वाइल्ड पिचवर, म्हणजे पिचरच्या भरकटलेल्या बॉलवर, आली होती, हे प्रवचनकार सांगत नाहीत. आपल्या खेळाडूची चूक तपासतानाही शेवटच्या क्षणापासून मागे दोन-तीन पावले जाऊन पाहावे, म्हणजे पुष्कळदा आपलीच एखादी सूचना तिथे सापडते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. थर्ड बेसपासून फर्स्ट बेसचे सरळ अंतर मोठ्यांच्या मैदानावर सुमारे 127 फूट असते, तर साठ फुटी बेसच्या बालमैदानावर ते सुमारे 85 फूट भरते. लहान मुलांकडून मोठ्यांच्या अंतराचे थ्रो करवून घेऊ नका, खांदे जातात. प्रत्येक बॉलच्या समोर येण्याची सक्ती करू नका, बॅकहँड, म्हणजे ग्लव्ह अंगापलीकडे उलटा नेऊन बॉल घेणे, हा आळस नसून कौशल्य आहे. लहान हाताला मोठा ग्लव्ह "पुढे उपयोगी पडेल" म्हणून देऊ नका, बॉल त्यात हरवतो आणि बाहेर काढताना वेळ जातो. सरावापूर्वी बेसभोवतीची माती स्वतः सारखी करा. आणि फर्स्ट बेसमनला केवळ थ्रो झेलणारा खांब समजून कोपऱ्यात उभे करू नका. माझ्याकडे तो रोज सरावाच्या आरंभीच, दमण्यापूर्वी, जमिनीवर टप्पा पडून येणारे वीस वाईट थ्रो उचलतो, आणि ते थ्रो मी स्वतःच करतो, कारण खेळाडूंना मुद्दाम वाईट फेकायला सांगितले की ते हसत सुटतात आणि चुकून चांगले फेकतात.