आजी-आजोबा, पोरं, सगळे मिळून क्रूझला जाताय? केबिन अशी निवडा

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपची क्रूझ बुक करताना सगळे आधी बाल्कनी बघतात, पण घरात सत्तरीपुढचं कोणी असेल तर आधी डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, उघडा. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवर हेलकावे सगळ्यात कमी जाणवतात, म्हणून आजी-आजोबांची केबिन तिथेच घ्या, लिफ्टपासून चार दारं सोडून, अगदी चिकटून नको कारण तिथे रात्री उशिरापर्यंत लोकांची ये-जा असते. आणि वरच्या-खालच्या डेकवर काय आहे तेही बघा हां, स्विमिंग पूलच्या डेकच्या बरोब्बर खाली केबिन मिळाली तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज थेट डोक्यावर.

पोरांसाठी कनेक्टिंग केबिन मागा, म्हणजे मधे आतून दार असतं, नुसती शेजारची दिली तर प्रत्येक वेळी कॉरिडॉरमधून जावं लागतं. चार जणांच्या केबिनमधे दोन बर्थ बहुतेक वर असतात, शिडीचे, तिथे गुडघे दुखणाऱ्या काकूंना पाठवू नका प्लीज. बाथरूमच्या दाराला उंबरठा असतो, ओल्या पायाने ठेच लागते, व्हीलचेअर असेल तर खास केबिन लागते आणि त्या मोजक्याच असतात, लवकर सांगा.

स्वस्तातली 'गॅरंटी' केबिन एवढ्या मोठ्या कुटुंबासाठी नकोच, नंबर कंपनी ठरवते, मग आजी एका टोकाला आणि तुम्ही दुसऱ्या. पैसे वाचवायचेच तर तरुण मंडळींना आतली, बिनखिडकीची द्या, एक बाल्कनी, मधोमध आणि मिळेल तेवढ्या खालच्या डेकवरची, ज्येष्ठांकडे ठेवा, संध्याकाळचा चहा सगळे तिथेच घेतील.