बॅटरीचा रिकॉल आलाय? सर्व्हिसची तारीख मिळेपर्यंत काय करायचं

आमच्या वाकडच्या सोसायटीत एकाला रिकॉलचा, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनी गाडी परत बोलावते त्याचा, मेसेज आला की तुमच्या इलेक्ट्रिक गाडीच्या हाय व्होल्टेज बॅटरीला आग लागू शकते, तर गडी म्हणतो गाडी मस्त पळतेय, दिवाळीनंतर बघू. असं करू नका राव. या दोषात चालवताना काहीच कळत नाही, अशा गाड्या पार्किंगमध्ये नुसत्या उभ्या असताना किंवा चार्जिंगला लावलेल्या असताना पेटल्यात.

आधी मेसेज खरा आहे का बघा. त्यातली लिंक उघडू नका, आरसीवरचा १७ अक्षरांचा चॅसी नंबर घ्या आणि कंपनीच्या साईटवर टाका नाहीतर सर्व्हिस सेंटरला फोन करून सांगा. गाडी सेकंड हँड असेल तर हे कराच, कारण रिकॉलचं पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं असू शकतं. रिकॉलचं काम फुकट असतं, कोणी पैसे किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या.

मग चार्जिंग. शेवरोले बोल्ट या इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीच्या एकाच सेलमध्ये दोन दोष निघाले होते, टॅब (करंट नेणारी धातूची पट्टी) फाटलेली आणि सेपरेटर (सेलची दोन टोकं वेगळी ठेवणारा पातळ पडदा) दुमडलेला, दोन्ही एकत्र आले की आत शॉर्ट होण्याची भीती. म्हणून कंपनीने सांगितलं की ९० टक्क्यांच्या वर चार्ज करू नका, रेंज साधारण ११० किलोमीटरच्या खाली उतरू देऊ नका, घरात रात्रभर चार्जिंगला लावू नका. हे आकडे बोल्टचे हां, तुमच्या पत्रात जे लिहिलंय तेच गाडीच्या सेटिंगमध्ये टाका.

पार्किंगचं खरं अवघड आहे. पत्रात गाडी बाहेर उभी करा म्हटलं असेल तर बेसमेंट विसरा, मोकळ्यावर, भिंतीपासून आणि बाकीच्या गाड्यांपासून लांब लावा. पुण्यात अशी जागा कुठे मिळते ते विचारू नका 😄 पण चेअरमनना पत्र दाखवून व्हिजिटर पार्किंगमधली कडेची जागा मागा, बहुतेक देतात, आग म्हटलं की सगळेच ऐकतात.

सर्व्हिस सेंटरला एक प्रश्न नक्की विचारा, नुसतं सॉफ्टवेअर अपडेट करणार की मॉड्यूल, म्हणजे बॅटरीतले सेलचे गठ्ठे, बदलणार? बोल्ट आणि ह्युंदाईची कोना दोन्हींमध्ये आधी सॉफ्टवेअरवर भागवलं होतं, त्यानंतरही २०२१ मध्ये अपडेट झालेल्या गाड्या पेटल्या आणि मग बॅटऱ्या बदलायची वेळ आली. काय काम केलं ते जॉबकार्डवर लिहून घ्या, गाडी विकताना उपयोगी पडतं. आणि चार्जिंगची मर्यादा काढायची का तेही त्यांनाच विचारा, आपल्या मनाने शंभर टक्के करू नका.

आणि कधी खालून फुसफुस आवाज, विचित्र वास किंवा धूर आला तर गाडीतलं सामान काढत बसू नका, सगळ्यांना लांब न्या, १०१ ला फोन करा आणि गाडी इलेक्ट्रिक आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. विझल्यासारखी वाटली तरी जवळ जायचं नाही, ही बॅटरी काही तासांनी परत पेटू शकते.