पाचगणीतलं पारशी लग्न: सह्या पंगतीआधी

आशीर्वाद विधी (पारशी लग्नाचा मुख्य धार्मिक विधी) ठरला की आधी साक्षीदार धरा: दस्तूरजींखेरीज (लग्न लावणारे पारशी धर्मगुरू) दोन, दोघेही पारशीच. मुलगा २१, मुलगी १८ पूर्ण. विधी उरकताच लग्नाच्या दाखल्यावर दस्तूरजी, नवरा-नवरी, साक्षीदार सगळ्यांच्या सह्या घ्या. पंगत उठेपर्यंत एखादा साक्षीदार पसरणी घाट उतरलेला असतो! दाखला निबंधकाकडे धाडणं दस्तूरजींचं काम, २ रुपये फी नवऱ्याची. जोडीदार पारशी नसेल तर हे नियम घालणारा १९३६ चा पारशी विवाह व घटस्फोट कायदा लागत नाही. मग लग्न विशेष विवाह कायद्याने, त्याला ३० दिवसांची नोटीस.

संमतीने घटस्फोटासाठी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं. भांडून लढवलेल्या दाव्यात न्यायाधीशांसोबत ज्युरीसारखे ५ पारशी प्रतिनिधी बसतात. पारशी वस्ती विरळ असलेले जिल्हे मुंबईच्या मुख्य विवाह न्यायालयाला जोडता येतात, म्हणून वकीलपत्राआधी साताऱ्यात कोणत्या न्यायालयाची हद्द लागते ते विचारून घ्या.