स्पॅनिशमध्ये ‘नेमेसिस’ कसा वापरायचा

माझ्या बुधवारच्या बॅचमध्ये कुणीतरी हमखास ‘एल नेमेसिस’ म्हणतं. डोक्यात ‘शत्रू’ असतो, म्हणून पुल्लिंगी ‘एल’. तर आधी हे पक्कं करा: शब्द स्त्रीलिंगी आहे, ‘ला नेमेसिस’, आणि बोलणं पुरुषाबद्दल असलं तरी तो तसाच राहतो. आपण नाही का एखाद्या बाप्याला ‘ती व्यक्ती’ म्हणत?

वहीत वाक्य उतरवा: ‘नादाल फुए ला नेमेसिस दे फेदेरेर एन रोलान गारोस.’ म्हणजे रोलान गारोसला, फ्रेंच ओपन टेनिस स्पर्धेत, नादाल हा फेदेरेरची नेमेसिस होता. तिथल्या लाल मातीवर 2005 ते 2019 दरम्यान दोघं सहादा भिडले, त्यात चार अंतिम सामने, आणि सहाही वेळा नादाल जिंकला. एकदाच हरवणारा नुसता ‘रिबाल’, प्रतिस्पर्धी; नेमेसिस म्हणायला इतकं सातत्य हवं.

जोर पहिल्या ‘ने’वर. शेवटून तिसऱ्या उच्चारखंडावर (ने-मे-सिस) जोर आला की तिरकी रेघ, म्हणजे टिल्दे, द्यावीच लागते. इथे ती पहिल्या ‘ए’वर. अनेकवचन ‘लास नेमेसिस’, ‘क्रिसिस’सारखंच न बदलणारं.

अर्थ मात्र घाईने घेऊ नका. मूळ ग्रीक धातू ‘नेमेइन’, म्हणजे वाटून देणं. ‘एकोनोमिया’तही तोच आहे. नेमेसिस ही ज्याचं माप त्याच्या पदरात घालणारी देवी. तिचं देऊळ मॅरेथॉनच्या उत्तरेला, राम्नूसला. प्राचीन ग्रीक प्रवासलेखक पॉसेनिअस लिहितो की इ.स.पू. 490 मध्ये मॅरेथॉनला उतरलेल्या इराणी सैन्याने विजयस्तंभासाठी पारोसचा संगमरवर आधीच सोबत आणला होता. लढाई हरले, आणि त्याच दगडातून या देवीची मूर्ती घडवली गेली. ही गोष्ट मी दर वर्षी सांगते, कारण एवढं कळलं की ‘बेंगान्सा’, म्हणजे सूड, आणि ‘नेमेसिस’ यांत गल्लत होत नाही. बेंगान्सा माणूस घेतो. नेमेसिस उन्मत्त झालेल्याच्या वाट्याला येते.

देवीचं नाव मोठ्या अक्षराने लिहा, सामान्यनाम लहान.

फुटबॉलच्या गप्पांत हा शब्द जरा जड वाटतो. तिथे ‘बेस्तिया नेग्रा’ म्हणा, काळं जनावर. रेआल माद्रिदचे चाहते बायर्न म्युनिकला तेच म्हणत आलेत.

आणि ‘मी नेमेसिस’, म्हणजे ‘माझी नेमेसिस’, लिहिलंत की लिंग दिसत नाही, म्हणून चूक लपते. मध्ये विशेषण घालून तपासा: ‘मी आंतिगुआ नेमेसिस’, माझी जुनी नेमेसिस. पुल्लिंगी ‘आंतिगुओ’ आलं तर वाक्य पुन्हा लिहा.