जुना लॅपटॉप घरचा सर्व्हर म्हणून कसा लावावा

स्क्रीनवर रेघा आलेला, कीबोर्डच्या चार कळा गेलेला लॅपटॉपही सर्व्हर म्हणून, म्हणजे घरातल्या सगळ्यांना फाइली पुरवणारं सतत चालू यंत्र म्हणून, उत्तम चालतो. स्क्रीन आणि कीबोर्ड लागतात ते फक्त पहिल्या दिवशी. नंतर तो राउटरशेजारी झाकण मिटून पडून असतो आणि त्याच्याकडे कोणी बघतही नाही. खरी अडचण इथेच आहे. सॉफ्टवेअर तासाभरात बसतं, पण वीज जाऊन आली, डिस्कची केबल निसटली, राउटर बंद-चालू झाला, तर समोर कोणी नसताना यंत्र आपलं आपण उभं राहिलं पाहिजे. खालची निम्मी खटपट त्यासाठीच आहे. लॅपटॉपऐवजी थिन क्लायंट (ऑफिसातला छोटा, कमी ताकदीचा संगणक), छोटा डेस्कटॉप किंवा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) असेल तरी पायऱ्या जवळपास याच.

आधी वीज मोजा

सतत १ वॉट ओढणारं उपकरण वर्षाला ८.७६ युनिट खातं. १० वॉटचा लॅपटॉप साधारण ८८ युनिट, तर रिकामा बसूनही ६० वॉट ओढणारा जुना डेस्कटॉप ५२६ युनिट. प्लग आणि सॉकेटच्या मध्ये लावायचं वॉटमीटर मिळतं. स्क्रीन बंद करून, यंत्र काही काम करत नसताना आकडा घ्या. प्रोसेसरच्या माहितीत दिलेला टीडीपी इथे कामाचा नाही, कारण तो पूर्ण भार असताना किती उष्णता बाहेर काढावी लागेल याचा अंदाज असतो. आकडा १५ वॉटच्या आत आला तर यंत्र डोळे मिटून ठेवा. ४० च्या वर गेला तर दुसरं शोधा.

प्रोसेसर ६४-बिट आहे का तेही बघा. २००८ च्या आसपासच्या नेटबुकमधला अ‍ॅटम एन२७० फक्त ३२-बिट आहे. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला (डेबियन ही फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली, पुढे तीच बसवायची आहे) ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही, तो शेवटचा डेबियन १२ मध्ये मिळतो. फाइली वाटण्यापुरती १ जीबी रॅम चालते, २ जीबी असेल तर निवांतपणा आणि ४ जीबी असेल तर हवे ते प्रयोग करता येतात. लॅन पोर्ट मात्र हवंच. १०० मेगाबिटच्या पोर्टातून सेकंदाला ११ एमबीच्या आसपास फाइल जाते, गिगाबिटमधून ११० च्या आसपास. रास्पबेरी पाय ३ आणि त्याआधीच्या बी मॉडेलांत लॅन आणि यूएसबी एकाच यूएसबी २.० वाटेने जातात, त्यामुळे बाहेरच्या डिस्कवरची फाइल नेटवर्कवर पाठवताना दोन्ही एकमेकांना अडवतात. २०१९ च्या पाय ४ पासून ही अडचण गेली.

यंत्र उघडा

बॅटरी आधी बघा. टचपॅड वर आला असेल किंवा सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगत असेल, तर ती फुगली आहे. न दाबता, न टोचता काढा आणि ई-कचऱ्यात द्या. बॅटरी धड असेल तर फुकटचा यूपीएस मिळाला समजा. फक्त बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ मांडणीत) चार्जिंगची मर्यादा असेल तर ती ६० ते ८० टक्क्यांवर ठेवा, कारण वर्षभर १०० टक्क्यांवर अडकलेली बॅटरीच लवकर फुगते. बॅटरी काढल्यावर काही लॅपटॉप प्रोसेसरचा वेग खाली आणतात. फाइल सर्व्हरला त्याने फरक पडत नाही.

पंख्यातली धूळ ब्रशने काढा, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावा. मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल (बहुधा सीआर२०३२) याच वेळी बदला. तो मेला की वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं, बायोसची मांडणी पुसली जाते आणि यंत्र ‘एफ१ दाबा’ म्हणत अडून बसतं. दाबणार कोण?

मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवून निदान एक पूर्ण फेरी बिनचूक होऊ द्या. डिस्कसाठी ‘स्मार्टसीटीएल’ चालवा आणि ५, १९७ आणि १९८ क्रमांकांच्या ओळी बघा. अनुक्रमे बदललेले, संशयित आणि वाचता न आलेले सेक्टर तिथे मोजलेले असतात. तिन्ही शून्य हवेत. १९७ वाढत असेल तर डिस्क टाकून द्या. १९९ वाढत असेल तर मात्र दोष बहुधा केबलचा, डिस्कचा नव्हे.

बायोस

‘वीज परत आल्यावर सुरू हो’ या अर्थाचा पर्याय शोधा. डेस्कटॉप आणि थिन क्लायंटमध्ये तो बहुतेक असतो, लॅपटॉपमध्ये अनेकदा नसतो. नसेल आणि बॅटरीही काढलेली असेल, तर ‘रोज ठरावीक वेळी सुरू हो’ किंवा नेटवर्कवरून जागं करण्याचा पर्याय मिळतो का बघा. यातलं काहीच नसेल तर सर्व्हरसाठी हे यंत्र निवडू नका. बाकी सगळं दुरुस्त करता येईल, पण हे नाही.

डेबियन बसवणं

नेट-इन्स्टॉलची इमेज पेनड्राइव्हवर लिहा, लॅन केबल लावा आणि सुरू करा. रूटचा (मुख्य प्रशासकाचा) पासवर्ड विचारला की जागा रिकामी सोडा, म्हणजे पहिल्या वापरकर्त्याला ‘सुडो’चे (प्रशासकाचे) अधिकार आपोआप मिळतात. सॉफ्टवेअर निवडीच्या पडद्यावर डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढा, फक्त ‘एसएसएच सर्व्हर’ (दुसऱ्या संगणकावरून आत जाण्याची सोय) आणि ‘स्टँडर्ड सिस्टम युटिलिटीज’ ठेवा. ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हे पॅकेज बसवलं की सुरक्षेचे अपडेट आपोआप येत राहतात.

झाकण मिटल्यावर यंत्र झोपू नये म्हणून ‘लॉगिनडी.कॉन्फ’ फाइलमधल्या ‘हँडललिडस्विच’ या ओळीपुढचं # चिन्ह काढा आणि किंमत ‘इग्नोर’ करा. शिवाय ‘सिस्टमसीटीएल मास्क’ने स्लीप, सस्पेंड, हायबरनेट आणि हायब्रिड-स्लीप ही चारही टार्गेट बंद करा.

पत्ता कायमचा हवा, पण तो सर्व्हरवर लिहू नका. राउटरच्या डीएचसीपी पानावर (उपकरणांना आयपी पत्ते इथून वाटले जातात) सर्व्हरच्या मॅक पत्त्यासाठी (लॅन पोर्टाच्या स्वतःच्या क्रमांकासाठी) आयपी राखून ठेवा. सर्व्हरवरच लिहिला तर राउटर तोच आयपी उद्या एखाद्या फोनला देऊन बसू शकतो, मग दोघांचंही नेटवर्क अधूनमधून तुटतं आणि कारण पटकन सापडत नाही.

नेहमीच्या संगणकावर ‘एसएसएच-कीजेन’ने ईडी२५५१९ प्रकारची किल्ली (पासवर्डऐवजी चालणारी फाइल) बनवून ती सर्व्हरवर चढवा. किल्लीने आत जाता येतं याची खात्री झाल्यावरच पासवर्डने लॉगिन बंद करा. त्या वेळी आधीची खिडकी उघडी ठेवून दुसऱ्या खिडकीतून जाऊन बघा. चूक झाली असेल तर पहिलीतून सुधारता येते.

डिस्क: चुका इथे होतात

बाहेरची २.५ इंची डिस्क फिरायला लागताना जवळपास १ अँपिअर मागू शकते. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देण्यासाठी बनवलेलं असतं, ३.० चं ९००. वीज कमी पडली की डिस्क टकटक आवाज करते, मध्येच गायब होते आणि पुन्हा दिसते. उपाय एकच, स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला हब. रास्पबेरी पायवर लांब आणि बारीक चार्जिंग केबलनेही व्होल्टेज पडतं, ४.६३ व्होल्टच्या आसपास उतरलं की पायवर इशारा दिसतो.

डिस्क ‘ईएक्सटी४’ या लिनक्सच्या फॉरमॅटमध्ये फॉरमॅट करा. एक्सफॅटवर मालकी आणि परवानग्या साठवल्या जात नाहीत, त्यामुळे पुढे कोणाला काय दिसावं हे नीट ठरवता येत नाही. मग ती ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी) नोंदवा, पण एसडीए किंवा एसडीबी अशा नावाने नको. पुढच्या वेळी नावं अदलाबदल होऊ शकतात. ‘बीएलकेआयडी’ कमांड देते तो यूयूआयडी (डिस्कचा स्वतःचा क्रमांक) लिहा. पर्यायांत ‘नोफेल’ हा शब्द हवाच. तो नसेल आणि डिस्क जोडलेली नसेल, तर यंत्र सुरू होताना दीड मिनिट वाट बघतं आणि मग आणीबाणीच्या पडद्यावर थांबतं. तिथे एसएसएच चालत नाही, म्हणजे पुन्हा स्क्रीन आणि कीबोर्ड शोधा. नोंद केल्यावर लगेच रीबूट करू नका. आधी ‘फाइंडएमएनटी’ला ‘व्हेरिफाय’ हा पर्याय देऊन फाइल तपासा आणि ‘माउंट -ए’ने डिस्क खरंच जोडली जाते का बघा.

‘नोफेल’मुळे एक नवा धोका येतो. डिस्क नसतानाही तिचं रिकामं फोल्डर जागेवर असतं. बॅकअप किंवा डाउनलोड करणारा प्रोग्राम निमूटपणे त्यातच लिहीत सुटतो आणि मूळ डिस्क काठोकाठ भरते. म्हणून डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरवर ‘सीएचएटीटीआर +आय’ चालवा. मग त्यात रूटलाही फाइल बनवता येत नाही, डिस्क मात्र त्यावर नेहमीसारखी माउंट होते.

नवी ईएक्सटी४ डिस्क रूटच्या मालकीची असते. माउंट केल्यावर ‘सीएचओन’ने ती आपल्या वापरकर्त्याच्या नावे करा. सांबामध्ये (नेटवर्कवर फोल्डर वाटणारं सॉफ्टवेअर) फोल्डर दिसतं पण त्यात लिहिता येत नाही, या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

सांबा आणि बाकीचं

सांबा बसवून ‘एसएमबी.कॉन्फ’च्या तळाशी शेअरचं (वाटायच्या फोल्डरचं) नाव, फोल्डरची वाट आणि लिहिण्याची परवानगी एवढ्या ओळी टाका. सांबाचा पासवर्ड वेगळा असतो, तो ‘एसएमबीपासडब्ल्यूडी -ए’ने द्यावा लागतो. ‘टेस्टपार्म’ने फाइलमधल्या चुका कळतात. एखादा जुना टीव्ही जोडला जात नाही म्हणून एसएमबी१ (फाइली वाटण्याची जुनी, असुरक्षित पद्धत) चालू करू नका, सांबाने २०१९ पासून ते मुळात बंद ठेवलंय.

जेलीफिनवर (घरच्या चित्रपटांचा सर्व्हर) चित्रपट जसेच्या तसे पाठवणं जुन्या प्रोसेसरला जमतं, चालता चालता फॉरमॅट बदलणं जमत नाही. तेव्हा फाइली टीव्हीला कळणाऱ्या प्रकारातच ठेवा. पाय-होल (घरभर जाहिराती अडवणारा प्रोग्राम) हलकं आहे, पण घराचं डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याचं काम) त्याच्यावर सोपवलं की सर्व्हर बंद म्हणजे इंटरनेट बंद. राउटरमध्ये दुसरा डीएनएस म्हणून बाहेरचा पत्ता दिलात तर उपकरणं दोन्हीकडे विचारतात आणि जाहिराती गळून येतात. दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत.

बाहेरून पोचायचं असेल तर सांबा किंवा एसएसएचचं पोर्ट राउटरवर उघडू नका. वायरगार्ड (घरच्या नेटवर्कपर्यंत सुरक्षित वाट देणारं व्हीपीएन) लावा आणि त्याचं एकच यूडीपी पोर्ट उघडा, नेहमीचं ५१८२०. जोडणी होतच नसेल तर राउटरचा बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर पुरवठादार एकच पत्ता अनेकांत वाटतोय आणि पोर्ट उघडून काही होणार नाही. तिथे टेलस्केलसारखी सोय लागते.

बॅकअपसाठी नुसता ‘आरसिंक’ने आरसा ठेवू नका, चुकून पुसलेली फाइल आरशातूनही पुसली जाऊ शकते. जुन्या आवृत्त्या जपणारं रेस्टिक किंवा बोर्ग घ्या आणि प्रत दुसऱ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या जागी ठेवा. पहिल्याच आठवड्यात एक फोल्डर परत आणून उघडून बघा.

आता वीज तोडा

यंत्र नीट बंद करा, सॉकेटचं बटण मिनिटभर बंद ठेवा (बॅटरी असेल तर तीही काढून) आणि परत चालू करा. कशालाही हात न लावता पाच मिनिटांत फोनवरून शेअर उघडलं पाहिजे. ‘टाइमडेटसीटीएल’ने घड्याळ बरोबर आहे का तेही बघा.

दुसऱ्यांदा राउटर आणि सर्व्हर एकदमच बंद-चालू करा. राउटर सावकाश उठतो, सर्व्हरला सुरुवातीला पत्ता मिळत नाही आणि ठरावीक आयपीला बांधलेल्या सेवा तेवढ्यात हार मानून बंद पडतात. अशा सेवेच्या सिस्टमडी (सेवा चालू-बंद करणारा लिनक्सचा भाग) फाइलमध्ये ‘रीस्टार्ट’ची किंमत ‘ऑन-फेल्युअर’ आणि ‘रीस्टार्टसेक’ ३० करा.

तिसऱ्यांदा यूएसबी डिस्क काढून सुरू करा. एसएसएचने आत जाता आलं पाहिजे, शेअर रिकामं दिसलं पाहिजे आणि त्यात फाइल टाकायला गेलात तर नकार मिळाला पाहिजे. फाइल मुकाट्याने गेली, तर ‘सीएचएटीटीआर’ची पायरी राहिली आहे.